तालुक्याच्या कॉलेजात सोलर तंत्रज्ञांची बॅच: सामान, छत आणि सराव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयटीआयला लागून असलेल्या तालुक्याच्या कॉलेजात २० मुलांची, तीन महिन्यांची रूफटॉप सोलरची बॅच सुरू करायची आहे. संस्थेने सामानाची यादी मागितली आहे आणि अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचा नमुना समोर ठेवला आहे.

नमुना चांगला आहे, पण त्यातलं नेमकं काय घ्यायचं ते आधी पाहा. आयोवा राज्यातल्या आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजने २००४ मध्ये पवनचक्की तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे कॉलेजची स्वतःची १.६५ मेगावॅटची पवनचक्की उभारली. तिथली मुलं चालू यंत्रावर शिकतात. आपल्याकडे बऱ्याच प्रशिक्षण केंद्रांत टेबलावर १०० वॅटचं पॅनेल, एक बॅटरी आणि एक बल्ब असतो. त्यावर तीन महिने शिकलेला मुलगा पहिल्यांदा ३०० व्होल्ट डीसी बघतो तो थेट गिऱ्हाइकाच्या छतावर. म्हणून पैसे कमी असतील तर प्रोजेक्टर, चकचकीत तक्ते आणि तयार ‘ट्रेनर किट’ यादीतून काढा. खरी, महावितरणच्या लाइनला जोडलेली ३ किलोवॅटची एक यंत्रणा मात्र काढू नका. पवनऊर्जेच्या फंदात सध्या पडू नका. त्यासाठी चढायला मनोरा हवा, शिवाय पवनचक्की कंपन्या जीडब्ल्यूओचं (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या संघटनेचं) सुरक्षा प्रमाणपत्र मागतात आणि ते दर २४ महिन्यांनी नव्याने काढावं लागतं.

यंत्रणा अशी धरा: ५४० वॅटची ६ पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या माळेत), म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलच्या डीसीची एसी वीज करणारं यंत्र. एका पॅनेलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेला) साधारण ४९.५, म्हणून स्ट्रिंगचा २९७ व्होल्ट. हा आकडा २५ अंशांचा आहे. दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापलं की मीटरवर २७० च्या आसपास दिसेल आणि थंडीत पॅनेल १० अंशांवर असताना ३०९ च्या आसपास. दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के, हा हिशेब प्रत्येकाला कागदावर करता आला पाहिजे. तो येत नसेल तर कमी आलेला व्होल्टेज उन्हामुळे आहे की बिघाडामुळे, हे मुलाला कधीच कळणार नाही.

याशिवाय सरावाचं एक बुटकं छत बांधून घ्या. जमिनीपासून ६-७ फूट उंच, अर्ध्या भागात स्लॅब आणि अर्ध्यात उतरते पत्रे. पॅनेल २७-२८ किलोचं असतं. ते दोघांनी उचलायचं, फ्रेमला धरून, केबलला धरून कधीच नाही. पत्र्यावर पाय ठेवायचा तो खाली कैची किंवा आडवी पट्टी आहे तिथेच, म्हणजे स्क्रूच्या रांगेवर. सिमेंटच्या आणि प्लास्टिकच्या उजेडाच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाऊल नको. या कामात पहिला धोका विजेचा नाही, पडण्याचा आहे. त्यामुळे पहिला आठवडा हार्नेस, दुहेरी दोरी आणि ती नेमकी कशाला अडकवायची यातच जाऊ द्या. पाण्याच्या टाकीचा पाइप आणि कठड्याची ग्रिल ही दोरी अडकवायची जागा नव्हे. पॅनेलवर उभं राहिल्याने सेलला तडे जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, हेही याच आठवड्यात सांगून टाका.

हत्यारं चार-चार मुलांच्या पाच गटांना पुरतील अशी घ्या. एमसी४ कनेक्टरचे (पॅनेलच्या केबली जोडणाऱ्या प्लगचे) क्रिंपिंग टूल, म्हणजे तारेवर धातूची पिन दाबून बसवणारं हत्यार ५, १००० व्होल्ट डीसी मोजणारे कॅट-३ या सुरक्षा दर्जाचे मल्टिमीटर ५, तारेभोवती लावून करंट मोजणारे क्लॅम्प मीटर २, इन्शुलेशन तपासणारा मेगर १, अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर १, टॉर्क रेंच २, सूर्यप्रकाश मोजणारा मीटर १, हार्नेस ६, हेल्मेट प्रत्येकाला. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी करंट मोजतो का ते दुकानातच तपासा. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात आणि स्ट्रिंगवर लावले की शून्य दाखवतात. शिकाऊ मुलगा त्या शून्यावर विश्वास ठेवून कनेक्टर ओढतो, आणि अपघात होतो तो इथेच. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव असतो. डीसीत तसा वाव नाही, ठिणगी ओढली जाते आणि जळतच राहते. म्हणून क्रम अंगवळणी पाडा: आधी इन्व्हर्टर बंद, मग एसी स्विच, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच), मग मीटरवर करंट शून्य आहे याची खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टरला हात.

क्रिंपिंगवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ४ चौरस मिमीची सोलर केबल, साधारण ७ मिमी सोललेली, एकही तार न तुटता. क्रिंप झाल्यावर हाताने जोरात ओढून पाहायचं, मग कनेक्टरमध्ये सरकवून ‘टक’ आवाज ऐकायचा, मग मागचं नट पान्याने आवळायचं. पक्कडीने दाबलेला जोड पहिल्या दिवशी उत्तम चालतो. पुढे तिथला रोध वाढतो, १३ अँपिअर करंट वाहताना जोड तापतो आणि प्लास्टिक वितळतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, दिसतातही सारखे, पण आतली मापं आणि धातू वेगळे असतात, म्हणून ते एकत्र जोडायचे नाहीत. प्रत्येक मुलाकडून निदान १० कनेक्टर करून घ्यायचे तर २० मुलांना १०० जोड्या लागतील. त्या फुकट जातात असं लेखा विभाग म्हणेल. या एका बाबीवर माघार घेऊ नका.

अर्थिंगला तीन वेगळे खड्डे: पॅनेल व स्ट्रक्चरचा, एसी बाजूचा आणि वीजरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा). पहिले दोन ५ ओहमच्या आत आणि वीजरोधकाचा १० च्या आत आला पाहिजे. कोकणातला जांभा असो की देशावरचा कातळ, पावसाळ्यात आलेला आकडा खरा मानू नका. मे महिन्यात पुन्हा मोजायला लावा. मोजताना करंटचा खिळा खड्ड्यापासून जितका लांब, त्याच्या साधारण ६२ टक्के अंतरावर व्होल्टेजचा खिळा ठोकायचा. दोन्ही खिळे खड्ड्याच्या जवळ ठोकले की आकडा छान येतो आणि तो खोटा असतो.

आता बिघाड शोधणं. बहुतेक अभ्यासक्रम इथेच कच्चे राहतात, आणि बाजारात मागणी नेमकी याचीच वाढते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य १ कोटी घरांचं आहे. बसवणारे हात मिळतात, पण बंद पडलेली यंत्रणा तासाभरात सुरू करून देणारे फार थोडे. तीन बिघाड मुद्दाम तयार करून ठेवा.

पहिला बिघाड बायपास डायोडचा, म्हणजे सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट पुढे नेणाऱ्या भागाचा. ज्याचा जंक्शन बॉक्स उघडता येतो असं जुनं ७२ सेलचं पॅनेल मिळवा आणि तीनपैकी एक डायोड शॉर्ट करा. व्होल्टेज ४५ ऐवजी ३० येईल. एक तृतीयांश गेला की संशय डायोडवर, हे डोक्यात बसतं.

दुसरा बिघाड केबल फ्रेमला लागण्याचा. इन्व्हर्टरपासून स्ट्रिंग सोडवा. पॉझिटिव्ह टोकाकडून चौथ्या आणि पाचव्या पॅनेलमधल्या जोडातून ४७ किलो-ओहमचा रोध अर्थला जोडा. ही जोडणी प्रशिक्षकानेच, रबरी हातमोजे घालून करायची. मग मुलांना पॉझिटिव्ह ते अर्थ आणि निगेटिव्ह ते अर्थ मोजायला सांगा. पॅनेल २५ अंशांवर असेल तर १९८ आणि ९९ येतील. १९८ ला ४९.५ ने भागलं की ४, म्हणजे बिघाड चौथ्या पॅनेलनंतर. एकही पॅनेल न काढता जागा सापडते. बिघाड नसेल तर दोन्ही आकडे शून्याकडे उतरतात. त्यानंतर मेगर लावायचा, या स्ट्रिंगला ५०० व्होल्टवर, आणि निकाल १ मेगाओहमच्या वर हवा. मेगर लावण्याआधी इन्व्हर्टर सुटा आहे ना, हे दोघांनी तपासायचं.

तिसरा बिघाड गावाकडे रोजचा आहे. दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर व्होल्टेज जास्त म्हणून बंद पडतो आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं. लाइनच्या टोकाला व्होल्टेज मुळातच चढा असू शकतो, पण आधी आपली एसी केबल पाहा. मीटरपासून इन्व्हर्टर ४० मीटरवर आणि केबल २.५ चौरस मिमी तांब्याची असेल, तर १४ अँपिअरला ८ व्होल्टपेक्षा जास्त वाढ एकट्या केबलमध्ये होते. ६ चौरस मिमी घातली तर साडेतीनच्या आत. दोन्ही केबलींची भेंडोळी आणून चालू यंत्रणेवर आळीपाळीने लावा आणि दोन्ही वेळा इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा वाचायला लावा.

तासांबद्दल: राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या मार्फत २०१५ पासून चालणारा सूर्यमित्र अभ्यासक्रम ६०० तासांचा आहे, तेवढे तुम्हीही धरा आणि त्यातले ४०० छतावर घालवा. एक गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच पालकांना स्पष्ट सांगा. हे प्रमाणपत्र म्हणजे वीज परवाना नव्हे. मीटरकडच्या जोडणीला परवानाधारक ठेकेदाराची सही लागतेच. म्हणून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेल्या मुलांना आधी प्रवेश द्या. त्यांना परवान्याचा रस्ता मोकळा असतो. बारावी सायन्सची मुलं घेतलीत तर पहिले तीन आठवडे साध्या वायरिंगला द्या.

बॅच नोव्हेंबरात सुरू करा. पावसात छतावर शिकवणं होत नाही, आणि फेब्रुवारीत बाहेर पडलेल्या मुलांना उन्हाळ्यातली कामं लगेच मिळतात.

यादी पक्की करण्याआधी इथे तीन गोष्टी लिहा: कॉलेजचा मंजूर वीजभार किती, जोडणी सिंगल फेज की थ्री फेज, आणि छताच्या दक्षिणेला झाड किंवा टाकी आहे का. नेट मीटरसाठी, म्हणजे लाइनला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, यंत्रणा मंजूर भारापेक्षा मोठी चालत नाही. भार कमी असेल तर वाढीव भाराचं काय करायचं ते सामान घेण्याआधी महावितरणकडे विचारून घ्या.