मुलाला अमेरिकेत लष्करी वैमानिक व्हायचंय? आधी वयाचा हिशेब मांडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भावाने २००६ साली भरलेल्या अर्जाचा नंबर आता लागतोय. तुम्ही तिघं ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला जाणार. मुलगा सतरा वर्षांचा, नाशिकला बारावी सायन्सला. त्याला तिथल्या एअर नॅशनल गार्डमध्ये किंवा एअर फोर्स रिझर्व्हमध्ये, म्हणजे एरवीची नोकरी सांभाळून लष्करी विमान उडवणाऱ्या तुकडीत, वैमानिक व्हायचंय. जमेल का?

जमेल. पण हा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर टाळलं, आणि त्याचं कारण विमानाशी संबंधित नाही. ते ओघात येईलच.

व्हिसाची फी, मेडिकल, मुलाखतीची तारीख हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडून देतो. आधी वय. वैमानिक हा अधिकारी असतो आणि अधिकारी व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. वैमानिक प्रशिक्षण तेहतिसावा वाढदिवस उलटण्याआधी सुरू व्हावं लागतं. तुमचा मुलगा सतराव्या वर्षी पोहोचला की पाच वर्षांनी, म्हणजे बाविसाव्या वर्षी, एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरेल. (पाच वर्षं पुरी व्हायच्या नव्वद दिवस आधी भरता येतो.) तेवीसला नागरिक. मधल्या काळात डिग्री. निवड झाल्यावर प्रत्यक्ष प्रशिक्षणाला जाईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. म्हणजे हाताशी आठ-नऊ वर्षं उरतात. छान आहे.

हाच मुलगा बारा वर्षांचा असता तर तुमच्या नागरिकत्वाच्या शपथेबरोबर आपोआप नागरिक झाला असता, पण ती सोय अठराच्या आतल्यांना. आणि तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, जाणार असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. भारतीयांची नोकरीवरची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की पोरं एकविशीला पोहोचून एच-फोरमधून, म्हणजे आईबापांच्या आधारावरच्या व्हिसातून, बाहेर पडतात आणि आईबापांचा नंबर अजून लागलेला नसतो. तुमच्या भावाने इतक्या वर्षांपूर्वी भरलेल्या त्या कागदाची किंमत इथे कळते.

पाच वर्षांत दोन गोष्टी बिघडतात. एक, आजी आजारी म्हणून पोरगा सलग सहा महिन्यांवर भारतात राहतो आणि रहिवासाचा सलगपणा तुटला असं धरलं जातं. दोन, ग्रीन कार्डावरच्या मुलग्याने अठरा पूर्ण झाल्यावर सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीची लष्करी भरती करायची वेळ आली तर वापरायच्या सरकारी यादीत, नाव नोंदवायचं असतं. ते राहून जातं आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत निघतं. अठरा पूर्ण झाले की त्याच आठवड्यात नाव नोंदवून पावती फाइलला लावा.

आता जवळची वाट. अधिकारी होता येत नसलं तरी ग्रीन कार्डावर शिपाई म्हणून गार्डमध्ये भरती होता येतं. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ अमेरिकन कायद्याने युद्धकाळ धरला आहे, त्यामुळे या काळात सन्मानाने सेवा करणाऱ्याला पाच वर्षं थांबावं लागत नाही. राखीव तुकडीतली सेवाही त्यात धरतात. तुकडीने एन-४२६ या सेवेच्या दाखल्यावर सही करायची, मग एन-४०० भरायचा, फी नाही. अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा विशीच्या आसपास नागरिक होऊ शकतो. पण नागरिक नसलेल्याला सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय माहिती हाताळायची मंजुरी) लागणारी कामं मिळत नाहीत. गोदाम, स्वयंपाकघर, वाहन दुरुस्ती असल्या जागा मिळतात. टेक्सासमधल्या लॅकलंडला साडेसात आठवड्यांचं बेसिक, म्हणजे प्राथमिक लष्करी प्रशिक्षण, वर कामाचं प्रशिक्षण, म्हणजे कॉलेजचं एक सत्र तरी जाणार. करार बहुधा सहा वर्षांचा. पाच वर्षांच्या आत असन्मानाने बाहेर काढलं तर असं मिळवलेलं नागरिकत्व काढून घेता येतं. तरी मला ही वाट पसंत आहे, कारण वैमानिक निवडताना तुकड्या घरचं पोर आधी बघतात. ज्याने तीन वर्षं त्यांच्याच तळावर पाने फिरवले, त्याची मुलाखत निम्मी झालेलीच असते.

बारावीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, मला मात्र त्यावर बोलायचंय. बारावी इथेच पुरी करा, बोर्डाची मार्कलिस्ट आणि सर्टिफिकेट हातात घ्या, मगच निघा. मध्येच उचललेल्या पोराला तिथली शाळा खालच्या वर्गात टाकते. अमेरिकेचा इतिहास झालेला नाही, इंग्रजीचे क्रेडिट जुळत नाहीत, शारीरिक शिक्षणाचा रकाना रिकामा आहे, ही कारणं. इंटिग्रेशन करून आलेल्या मुलाला प्राथमिक बीजगणिताच्या वर्गात बसवतात, आणि समोरच्या काउन्सेलरबाई गोड हसून म्हणतात की याला मित्र जोडायला वेळ मिळेल. या एका वाक्याचा राग माझा अजून गेलेला नाही. जाऊ द्या. बारावी करून थेट कम्युनिटी कॉलेजात जाऊ द्या, दोन वर्षांनी विद्यापीठात. तुमच्या राज्यात वर्षभर राहिलं की फी रहिवाशाच्या दराने लागते. भरतीला परदेशी बारावीचं मूल्यांकन मागतात. तिथल्या कॉलेजचे पंधरा क्रेडिट (साधारण एका सत्राचा अभ्यास) झाले की ती कटकट बरीच कमी होते. आपली तीन वर्षांची बीएस्सी करून मग येऊ, हा विचार करू नका. चार वर्षांच्या डिग्रीबरोबर ती धरून घेताना नाकी नऊ येतात.

परीक्षा दोन. एएफओक्यूटी ही हवाई दलाची अधिकारी पात्रता परीक्षा, लेखी, बारा भाग, पाचेक तास, चुकीला उणे गुण नाहीत. म्हणून शेवटच्या दहा सेकंदांत उरलेली सगळी उत्तरं भरून टाकायची. खरी अडचण वेगाची. तक्ता वाचनात सात मिनिटांत चाळीस प्रश्न, ठोकळे मोजण्यात साडेचार मिनिटांत तीस, उपकरण वाचनात पाच मिनिटांत पंचवीस. बोर्डाच्या पद्धतीने पायऱ्या मांडत बसणारा पोरगा इथे मार खातो. तक्त्यात बोट आडवं नेताना एक ओळ खाली सरकतं आणि पुढचे सगळे चुकतात. कागदाची सरळ कड धरून सराव करायचा, मग ती काढून. शब्दांचे भाग मराठी माध्यमातल्या मुलांना जड जातात, त्याला वर्षभर वाचन हाच उपाय.

दुसरी टीबास, संगणकावर, हातात जॉयस्टिक आणि पायात पेडल. हलणाऱ्या लक्ष्यावर खूण धरून ठेवायची आणि त्याच वेळी कानात येणाऱ्या अक्षर-आकड्यांतले सांगितलेले तेवढे टिपायचे. तिच्यातल्या दिशेच्या भागात चांगली चांगली पोरं गडबडतात. डावीकडे नकाशावर विमान कुठल्या दिशेला चाललंय ते दिसतं, उजवीकडे त्याच्या कॅमेऱ्यातून एक इमारत आणि तिच्या चारी बाजूंचे वाहनतळ. प्रश्न : पूर्वेचा वाहनतळ दाखवा. विमान दक्षिणेला चाललं असेल तर चित्राची वरची बाजू दक्षिण, म्हणजे पूर्व डावीकडे. नकाशा मनात फिरवत बसायचं नाही. वरची बाजू कोणती तेवढं ठरवून त्यावरून डावं-उजवं काढायचं. गावाच्या नकाशावर रोज पन्नास वेळा केलं की हात बसतो.

दोन्ही परीक्षा आणि नागरी उड्डाणाचे तास मिळून पीसीएसएम नावाचा १ ते ९९ मधला आकडा निघतो. तासांचा उपयोग काही मर्यादेपर्यंतच होतो, त्यामुळे कर्ज काढून दोनशे तास उडवू नका. खाजगी परवाना मात्र हवा. कायद्याने किमान चाळीस तास, प्रत्यक्षात साठ-सत्तर लागतात, आणि खर्च पंधरा हजार डॉलरच्या पुढे-मागे. नागरिक होण्याआधी उड्डाण शिकायचं तर टीएसएची, म्हणजे तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची, वेगळी मंजुरी काढावी लागते. आधी ती, मग क्लास.

आता तुकडी. हे प्रकरण आपल्याकडच्या भरतीसारखं नाही. केंद्रीय गुणवत्ता यादी नाही, एसएसबीची निवड-मुलाखत नाही. प्रत्येक तुकडी आपले वैमानिक स्वतः निवडते, आणि निवडताना पुढची वीस वर्षं शेजारच्या सीटवर कोण बसणार हे बघत असते. तुमच्या घरापासून गाडीने जाण्यासारख्या जागा : मॅकग्वायरला १०८वी विंग, हवेत इंधन भरणारे टँकर. अटलांटिक सिटीला १७७वी, एफ-१६. न्यूबर्गला १०५वी, सी-१७. उत्तरेला स्केनेक्टडीजवळ १०९वी, जिच्या सी-१३० विमानांना बर्फावर उतरायला स्की लावलेल्या असतात आणि ती ग्रीनलंड, अंटार्क्टिकाला जातात. जाहिरात निघायच्या आधी वर्षभर ड्रिलच्या, म्हणजे तुकडीच्या महिन्यातल्या हजेरीच्या, शनिवार-रविवारी परवानगी काढून भेटायला जायचं. याला ते लोक रश म्हणतात. कॉलरचा शर्ट, स्वच्छ बूट, प्रश्न कमी, ऐकणं जास्त. संध्याकाळी स्क्वाड्रनच्या बारमध्ये बसायचं असतं. दारू पीत नसला तरी बसायचं. घरच्या चकल्या नेल्या तर नाव लक्षात राहतं, हे गमतीने म्हणत नाही.

अर्ज म्हणजे एकच पीडीएफ : पत्र, एक पानी रेझ्युमे, दोन्ही परीक्षांचे गुण, ट्रान्सक्रिप्ट, परवाना, तीन ते पाच शिफारसपत्रं. आपली पोरं कुठे घसरतात तेही सांगतो. चार पानी बायोडेटा. नातेवाइकांची शिफारसपत्रं (हवा असतो उड्डाण शिकवणारा, साहेब, प्राध्यापक). तीस तुकड्यांना एकच पत्र, त्यात एका ठिकाणी दुसऱ्याच तुकडीचं नाव राहिलेलं. टँकरवाल्यांसमोर बसून फायटरची स्वप्नं सांगणं. आणि सगळ्यात वाईट, वडिलांनी फोन करून चौकशी करणं. तुमच्या मिस्टरांना हे वाचून दाखवा.

शरीराची तपासणी निवड झाल्यावर ओहायोत, राइट-पॅटरसन तळावर होते. रंगदृष्टी आत्ताच नाशिकला तपासून घ्या. तिच्यात दोष निघाला तर पुढचं काही करायची गरज नाही. दुसरं, दमा. तेराव्या वर्षानंतर दम्याची नोंद असली की अडतं. आपल्याकडे डॉक्टर साध्या खोकल्यालाही पंप लिहून देतात आणि केसपेपरवर तसं नाव घालतात. नोंद असेल तर लपवू नका, त्या डॉक्टरांकडून नेमकं काय झालं होतं ते लिहून घ्या. चष्म्याचं लेसर करणार असाल तर ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट जपा, आधीचा नंबर किती होता हे तिथे बघतात.

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते. प्रशिक्षणाचे तळ बहुतेक लहान गावांत, मिसिसिपीतलं कोलंबस, टेक्सासमधलं डेल रिओ, ओक्लाहोमातलं इनिड. तिथे वर्षभर बारा-बारा तासांचा दिवस असतो, एकटं वाटायला वेळ नसतो. त्याआधी अलाबामात अधिकारी प्रशिक्षण, नंतर प्रत्यक्ष विमानाचं, एकूण दोनेक वर्षं पूर्णवेळ. पंख, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाल्यावर दहा वर्षांची बांधिलकी. महिन्यातून दोन दिवस ही जाहिरात शिपायांची. वैमानिकाला हात चालू ठेवायला त्याच्या कितीतरी जास्त जावं लागतं, आणि परदेशी तैनाती येते ती वेगळीच.

एकटेपणा त्याला येणार नाही. तुम्हाला येईल, आणि तो वेगळ्या जातीचा असेल, म्हणून पुढचं लिहितो.

परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला भारत ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, देत नाही. तुम्हा दोघांना ते मिळेल, पोराला नाही. आजीला भेटायला तो दर वेळी व्हिसा काढून येईल, आणि आधी आपल्या तुकडीला कळवून. आधी कार्ड घेऊन मग भरती होऊ, ही पळवाट नको. क्लिअरन्सच्या एसएफ-८६ अर्जात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट, ओळखपत्र, नातेवाईक, मालमत्ता सगळं विचारतात, आणि तिथे लपवलेली गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा महाग पडते. ओसीआयचा हा नियम घरात कोणी आधी मोठ्याने वाचत नाही. मीही वाचला नव्हता.

आणि एक विचारतोच, राग मानू नका. लष्करी विमानच उडवायचंय तर खडकवासला नाशिकहून चार-पाच तासांवर आहे. साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय त्याचं आत्ता चालू आहे, फी नाही, आणि बाविशीत तो हवाई दलाचा अधिकारी असेल. त्याने एनडीएचा फॉर्म भरला होता का? भरला नसेल तर का, हे त्याला एकट्याला बसवून विचारा, मामाचा फोन चालू नसताना. ग्रीन कार्ड घेऊन तो एनडीए संपेपर्यंत इकडे राहू शकणार नाही, दोन्ही दगडांवर पाय जमणार नाही. उत्तर काहीही येऊ दे, पण ते त्याचं असावं. मला हा प्रश्न वेळेवर सुचला नव्हता.

जायचं ठरलंच तर निघण्याआधी एक फाइल करा. नावाचं एकच स्पेलिंग जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट तिन्हीवर आहे का बघा. वडिलांचं नाव कुठे मधलं, कुठे पहिल्याला जोडलेलं, हा घोळ एसएफ-८६ पर्यंत पाठ सोडत नाही. गेल्या दहा वर्षांचे पत्ते तारखांसह लिहा, दर पत्त्याला त्याला ओळखणारा एक शेजारी. आजोबांनंतर वारस नोंदीत मुलाचं नाव लागलं असेल तर सातबारा आणि फेरफाराची प्रत काढून घ्या. किती गुंठे, आज किंमत काय, उत्पन्न कोण घेतं, हे त्याला तिथे इंग्रजीत लिहून द्यावं लागेल. आणि नाव काढून टाकायचं का, हा प्रश्नही तेव्हा कोणीतरी विचारेल, तर तो आजींशी आत्ताच बोलून ठेवा.