अल्झायमरवर टीएमएस करून घ्यावं का?

वडिलांना अल्झायमर आहे, कोथरूडमध्ये टीएमएसची जाहिरात पाहिली, करावं का, असं तुम्ही विचारलंय. घाई करू नका. टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन: डोक्यावर धरलेल्या कॉइलमधले (तारेच्या वेटोळ्यातले) चुंबकीय ठोके मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी चेतवतात. भूल लागत नाही. टकटक आवाज येतो, कपाळ फडफडतं. अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. अल्झायमरमध्ये लहान अभ्यासांत स्मरणशक्ती थोडी सुधारलेली दिसली, पण मेंदूची झीज थांबते असं सिद्ध झालेलं नाही. माझी आई सदाशिव पेठेतल्या आमच्याच गल्लीत वाट चुकली, तेव्हा मीही असाच धावलो होतो, म्हणून कळकळीने सांगतो. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं उपकरण) किंवा कधी फिट आली असेल तर न्यूरोलॉजिस्टला आधीच सांगा. आणि पैसे भरण्यापूर्वी विचारा: फरक कोणत्या चाचणीने मोजणार?