डीजेचे दोन्ही ट्रॅक ८ए मध्ये (सुरांना आकडे देणाऱ्या कॅमेलॉट चक्रावर ए मायनर) आहेत, बीटही जुळतात, तरी डीप हाऊस या नृत्यसंगीताचा मिक्स बेसूर का वाटतो?

पहिला ट्रॅक १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोके), दुसरा १२४ चा, आणि पहिला १२४ वर चढवताना की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद होता, असं तुम्हीच लिहिलंय. मग तो ८ए उरलाच नाही.

१२० चे १२४ केले म्हणजे वेग ३.३३ टक्के वाढला, आणि की-लॉक नसेल तर सूरही तितकाच चढतो. एक सेमीटोन, म्हणजे लगतच्या दोन स्वरांतलं अंतर, म्हणजे १०० सेंट, त्यासाठी ५.९५ टक्के लागतात. तुमचा ट्रॅक चढला सुमारे ५७ सेंट. आता तो ए मायनरपेक्षा बी फ्लॅट मायनरच्या, म्हणजे ३ए च्या, जवळ आहे आणि तिथेही धड पोचलेला नाही. कॅमेलॉट चक्रावर या जागेला आकडाच नाही. पॅडमधला (मागे लांबवत वाजणाऱ्या मऊ सुरांमधला) ४४० हर्ट्झचा ए झाला जवळपास ४५५ आणि दुसऱ्या ट्रॅकचा राहिला ४४० वरच. त्यांची सेकंदाला १५ आंदोलनं होतात, तीच ती खरखरीत थरथर. खाली बेसचा ए ५५ चा ५६.८ झाला. दोन्ही बेस एकत्र वाजले की आवाज सेकंदाला साधारण दोनदा फुगतो आणि बसतो. किक (ड्रमचा जड ठोका) अचूक असूनही बीट सुटल्यासारखा वाटतो तो यामुळे, आणि लोक उगाच बीटग्रिड (ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) दुरुस्त करत बसतात.

‘दोन्ही ट्रॅक मधल्या १२२ वर आणा’ हा सल्ला तुम्हाला मिळालाय, तो चुकीचा आहे. पहिला सुमारे २९ सेंट वर जाईल, दुसरा २८ खाली येईल. दोघांतलं अंतर तेच राहील.

की-लॉक लावा. पायोनिअरच्या प्लेअरवर त्यालाच मास्टर टेम्पो म्हणतात. ‘कान तयार असतील तर की-लॉक लागत नाही’ हे मी कायम ऐकत आलोय आणि ते मला मुळीच पटत नाही. तयार कानाला तर कणसूर आधी कळतो! नुसता ड्रमवर चालणारा टेक्नो असेल तर गोष्ट वेगळी. डीप हाऊसमध्ये ३२ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) मिक्स १२४ वर ६२ सेकंद चालतो आणि तेवढा वेळ दोन ट्रॅकचे नाइन्थ कॉर्ड (पाच स्वरांचे स्वरसमूह) एकमेकांवर पसरलेले असतात. तिथे ५७ सेंट लपत नाहीत.

आता प्रत्यक्ष मिक्स. येणाऱ्या ट्रॅकचा लो ईक्यू (बेसचा आवाज कमी-जास्त करणारं बटण) पूर्ण खाली ठेवून तो फ्रेजच्या (बारच्या गटाच्या) पहिल्या किकवर सोडा. इंट्रोत नुसते ड्रम असतील तोवर सुरांची अडचण नाही. पॅड कितव्या बारला येतो ते आधी मोजून तिथे क्यू (खूण) लावून ठेवा. बेसची अदलाबदल १६ बारच्या फ्रेजच्या तोंडावर आणि एका बारच्या आत करा. दोन बेस एकत्र ठेवू नका, की शंभर टक्के जुळत असली तरी. जाणारा ट्रॅक संपल्यावर वेग बदलायचा असेल तर आठ बारमागे अर्धा बीपीएम, त्याहून घाईने नको.

एक मात्र आहे: साधारण चार-पाच टक्क्यांच्या पुढे की-लॉक किकचा ठोका मऊ करतो आणि गायकाचा आवाज चिरकतो. तेव्हा उलटं करा. ११७ चा ८ए ट्रॅक की-लॉक बंद ठेवून १२४ वर न्या; तो जवळपास नेमका एक सेमीटोन चढून ३ए होतो आणि २ए, ३ए, ४ए, ३बी सगळ्यांशी बसतो.

ट्रॅकचा सूर ओळखणारं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा तुमचा दुसरा प्रश्न. कोणतंही घ्या, चुका सगळीच करतात. ए मायनर नाइन्थमध्ये ए, सी, ई, जी, बी हे स्वर असतात. त्यात सी मेजर आणि ई मायनर दोन्ही दडलेले आहेत. म्हणून ८ए च्या जागी ८बी किंवा ९ए दिसतं. ते शेजारीच असल्याने तेवढं निभावतं. खरा घात होतो तो मुळातच ३०-४० सेंट सरकलेल्या ट्रॅकमध्ये, जसा जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेला असतो. सॉफ्टवेअरचं लेबल त्याला जवळच्या सुरावर नेऊन बसवतं आणि फरक दाखवत नाही. अशा ट्रॅकचा किक नसलेला चार बारचा तुकडा लूप करा, हेडफोनमध्ये दुसऱ्याच्या पॅडवर ठेवून ऐका आणि थरथर आली तर तसं कॉमेंटच्या रकान्यात लिहून ठेवा.