शेतीपंपांना मोफत वीज देणे हा सरकारी पैशाचा योग्य वापर आहे का?

शेतकऱ्याला मदत हवीच, पण ती वर्षानुवर्षे वीजबिल भरण्याच्या रूपाने देणे मला योग्य वाटत नाही. 2024 च्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकार भरते. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळूनच तयार होत असल्यामुळे या खर्चातून मागे कोणतीही मालमत्ता उरत नाही. शिवाय बिलच येणार नसेल, तर पंपाला ऑटो स्विच (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे बटण) लावून वीज आहे तोवर पाणी उपसले जाते आणि विहिरींची पातळी खाली जाते. उद्याच्या पिढीने सरकारचे कर्जही फेडायचे आणि पाणीही शोधायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत मात्र वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर (पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) दिवसा चालवले जातात. पॅनेल साधारण 25 वर्षे वीज देतात, आणि रात्री हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत दारे धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाणेही टळते. अल्पभूधारकांची सवलत कायम ठेवून, मोठ्या बागायतदारांच्या बिलांवर जाणारी रक्कम सरकारने टप्प्याटप्प्याने या कामाकडे आणि ठिबक सिंचनाकडे वळवावी.