बुच दिसलं का उचल

पोट्ट्या, ‘पिकमिन २’ या व्हिडिओ गेममधी पहिल्याच दिवशी बॅटरी सापडंल. आपल्या टॉर्चमधला सेलच तो, पण गेममधला नायक ऑलिमार बोटाच्या पेराएवढा, त्याले तो खजिनाच वाटते. पोरासाठी आणलेल्या बाटलीच्या बुचाचे १०० पोको (गेममधले पैसे) झाले बिचाऱ्याचे, तरी कंपनीचं १०,००० चं कर्ज डोक्यावर. सोसायटीचं कर्ज बरं म्हणतो मी!

पिकमिन म्हंजे ओझं वाहणारे तुह्ये बारके साथीदार. त्यातले जांभळे जपून वापर, एकटा दहा जणांचं ओझं वाह्यते. गुहेत दिवस मावळत नाही, तिथं निवांत फिर. वर मात्र सांजच्याले जे पिकमिन तुह्यापासून सुटून मोकळे राह्यले ते गेले. माह्ये पंचवीस गेले असे. अन् गुहेचा मजला उतरताना सेव्ह विचारते, नाही म्हणू नको. आपल्याकडं लाइटीचा भरोसा नाही. कर्ज फिटल्यावरही खेळ, एकूण वस्तू २०१ हायेत.