वेणीचं टोक आणि चौथीतली पोटदुखी

«मुलगी ९ वर्षांची, चौथीत. जूनपासून शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणते. किट मागवून केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. केस खराब दिसू नयेत म्हणून वेणीचं टोक कापून दिलं; वेणी ३५ सेंटिमीटर आहे. रिपोर्ट आला, 'कमी, ताण नाही'. ह्यांचं म्हणणं, नाटकं आहेत सगळी. तिला दम्याचा पंप रोज असतो. परत तपासू का?» (एक आई, नाशिक)

ताई, लेकीला नाटकी ठरवायला तो रिपोर्ट मुळीच पुरेसा नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. टाळूजवळचे ३ सेंटिमीटर म्हणजे गेले तीन महिने. तुम्ही दिलेलं टोक जवळपास तीन वर्षांपूर्वीचं, म्हणजे ती पहिलीत होती तेव्हाचं! शिवाय इतक्या न्हाण्यांनी आणि उन्हाने टोकातलं कॉर्टिसॉल झिजतं, त्यामुळे तिथे आकडा एरवीही खालीच येतो. चौथीच्या वर्गात काय चाललंय, हे त्या केसांना ठाऊकच नाही.

दुसरा घोळ पंपाचा. दम्याच्या रोजच्या पंपात बहुतेकदा ब्युडेसोनाइडसारखं स्टिरॉइड असतं. बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवताना हात आखडता घेऊ शकतं. गजकर्णावर दुकानातून आणलेली क्लोबेटासॉल या स्टिरॉइडची ट्यूबही हेच करते. पोटात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड गेलं असेल तर उलटही घडतं: एलायझा पद्धतीची (अँटिबॉडी वापरून मोजणारी) काही किट त्यालाच कॉर्टिसॉल समजतात आणि आकडा फुगतो. मात्र तपासणीपायी पंप एक दिवसही बंद करू नका.

परत तपासू का? आमचं मत, नको. मुलांच्या मोठ्या गटांची तुलना करायला ही पद्धत चांगली. पण अमुक आकड्याच्या वर ताण, खाली नाही, अशी सर्वमान्य रेषा एकेका मुलासाठी नाही. वय आणि वजनानेही आकडा हलतो, आणि फार काळ सोसलेल्या ताणात तो कधी घसरतोसुद्धा.

कधी एखाद्या अभ्यासासाठी केस द्यायची वेळ आलीच, तर ते डोक्याच्या मागून, शेंडीच्या जागेपासून द्या. तिथे वाढ सगळ्यात एकसारखी असते. वरचे केस चिमट्याने बाजूला घ्या. खालची ३ मिलिमीटर जाडीची बट टाळूपाशी दोऱ्याने बांधा आणि कात्री टाळूला टेकवून कापा. उपटायची नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये आडवी ठेवून टाळूकडच्या टोकाला खूण करा. ही खूण करायची राहून गेली की लॅबला दिशाच कळत नाही आणि वेणीच्या टोकाचीच चूक पुन्हा होते. पुडी फ्रीजमध्ये नको, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. तेलाची फार काळजी नको, लॅब आधी आयसोप्रोपेनॉलने केस धुते. मग बारीक करून मिथेनॉलमध्ये भिजवते. मुंडण झालेलं असेल तर तीन महिने थांबावं लागेल.

आता पोटाकडे या. दोन-तीन आठवडे वहीत लिहा: वार, वेळ, कुठे दुखतं, शी कधी झाली, त्या दिवशी शाळेत काय होतं. रविवारी दुखलं नाही म्हणजे सोमवारचं दुखणं खोटं, असं नसतं. धास्तीनेही आतडी खरोखर पिळवटतात. झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, शीतून रक्त, वारंवार उलट्या, ताप, यातलं काही दिसलं तर वहीसाठी थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. एरवीही वही भरली की ती घेऊन त्यांना एकदा दाखवाच.

तिच्याशी बोलताना 'का दुखतं?' असं विचारू नका, त्याचं उत्तर तिलाही माहीत नसेल. बाकावर शेजारी कोण बसतं, व्हॅनमध्ये कुठे बसते, डबा कोणाबरोबर खाते, हे विचारा. शाळेतल्या संडासाची कडी लागते का, हेही. ती लागत नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, शी दाबून ठेवतात, आणि मग पोट दुखतं.