गोटा नव्हे, गारा पाहा : प्रस्तरारोहणाची प्रश्नोत्तरे

पाऊस उघडला की माझ्याकडच्या पत्रांना एकच सूर लागतो. कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतल्या मेपल कॅन्यनचा व्हिडिओ पाहिलेला असतो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधे अरुंद घळ, आणि चिवड्यात शेंगदाणे असावेत तसे गोटे भरलेली काँग्लोमरेट खडकाची उभी भिंत. तिच्यावर पोरंपोरी सरसर चढतात. मग विचारणा येते, ‘सर, असं आपल्याकडे कुठं?’ दरवर्षी एकेकाला उत्तर देऊन थकलो. या वेळी सगळ्यांना एकदमच देतो.

आमच्या घाटातल्या कड्यात पांढरे गोल ठिपके आणि बोटं जातील अशी भोकं आहेत. हा काँग्लोमरेटच ना? (कन्नड)

नाही. तुम्हाला दिसतात ते गोटे नव्हेत, बुडबुडे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पुढे झिरपत्या पाण्यातून आलेली झिओलाइट, कॅल्साइटसारखी खनिजं त्या पोकळ्यांत भरली. आपल्याकडे विहिरी खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. त्यांना तो ठिसूळ हे माहीत असतं, चढणाऱ्यांना नसतं.

काँग्लोमरेट, म्हणजे पिंडाश्म, ही वेगळी चीज. नदीनं लोळवून गुळगुळीत केलेले गोटे, त्यांच्या फटींत वाळू, आणि हे सगळं चुन्यानं नाहीतर सिलिकानं जखडून झालेला खडक. आपल्याकडे गोदावरी-प्रवरेच्या काठांवर चुनखडीनं जखडलेले जुने गोट्यांचे थर कुठे कुठे दिसतात. ती नदीची दरड आहे, चढायची भिंत नव्हे. तिसरा प्रकार ब्रेशिया. लाव्हाच्या थराचा माथा फुटून झालेले तुकडे पुन्हा चिकटलेले असतात, आणि लांबून तो हुबेहूब पिंडाश्मासारखा दिसतो. जवळ जाऊन पाहा. तुकड्यांना कोपरे असतील तर ब्रेशिया, गोलाई असेल तर पिंडाश्म. तरी शंका राहिली तर फोटो काढून जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. तुमचा कडा अभयारण्यात असेल तर खडासुद्धा खिशात घालू नका.

मोटारसायकलचं हेल्मेट चालेल का? (बीड)

नाही, चढाईचंच घ्या, त्यावर ‘ईएन १२४९२’ हे युरोपीय मानक छापलेलं असतं.

आम्ही सहा मित्र आहोत. ड्रिल मशीन आहे, नट-बोल्टच्या दुकानातून अँकर फास्टनर आणलेत, दुकानदार म्हणाला ट्रकपण लटकेल. गौताळ्यात एक मस्त भिंत हेरली आहे. दोर अडकवायला बोल्ट कुठं मारायचे, गोट्यात की मधल्या भागात? (जालना)

पोरांनो, आधी मशीन पेटीत ठेवा.

गौताळा-औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे परवानगीशिवाय आत जाता येत नाही, भोकं पाडणं तर दूरच. ‘सगळेच जातात’ हे मला सांगू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी विचारा. ते नाही म्हणाले तर नाही.

आता तुमचा प्रश्न. तो चांगला आहे, म्हणूनच जास्त भीती वाटते.

लातूर-धाराशिवकडच्या जुन्या माणसांना विचारा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय पडलं. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती पडल्या, आणि त्यांच्यावरची जड माळवदं माणसांवर आली. त्या भिंतींतला दगड कच्चा नव्हता. आजही तो उचलून पाहिलात तर शाबूत आहे. सोडलं ते दगडांना सांधणाऱ्या मधल्या मातीच्या गाऱ्यानं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे आरपार दगडही नव्हते. पिंडाश्माची भिंत म्हणजे निसर्गानं रचलेलं तसलंच बांधकाम. मेपल कॅन्यनमध्ये गारा इतका कठीण झालाय की गोट्यावर माणूस लटकतो. दुसरीकडे तोच गोटा नखानं खरवडता येईल अशा मातीत बसलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच.

म्हणून गोट्यात मारू की मधे, याला एका शब्दाचं उत्तर नाही. गोट्यात मारला तर बोल्टचा सगळा भार त्या गोट्याच्या पकडीवर येतो. गोटा नारळाएवढा असेल तर बोल्टसकट तो हातात येऊ शकतो. मधल्या भागात मारला तर तिथला गारा बोल्ट फुगल्यावर चुरतो का ते पाहावं लागतं. अँकर फास्टनर भोकात फुगून बाजूला दाब देतो. कठीण काँक्रीटमध्ये ते ठीक, पण मऊ खडकात तोच दाब भोकाची कड फोडतो. अशा ठिकाणी जाणकार लांब, रसायनानं चिकटवायचे बोल्ट वापरतात, कारण त्यांचा भार भोकाच्या पूर्ण लांबीवर पसरतो. भोक ब्रशनं आणि फुंकून साफ केलं नाही तर तेही धुळीलाच चिकटतात, खडकाला नाही.

तुमच्या दुकानदाराचा ट्रक. फास्टनरवर चढलेला जस्ताचा पातळ थर घरातल्या कोरड्या भिंतीसाठी असतो. बाहेर एक-दोन पावसाळ्यांत आतून गंज चढतो आणि डोकं वरून चकचकीतच राहतं. त्यावर स्टेनलेसचं हँगर, म्हणजे दोराची कडी अडकवायची पट्टी, बसवलंत तर दोन वेगळ्या धातूंमुळे गंज आणखी झपाट्यानं वाढतो. चढाईच्या बोल्टला ‘ईएन ९५९’ किंवा गिर्यारोहण संघटनांच्या जागतिक महासंघाचं ‘यूआयएए १२३’ हे मानक असतं. त्यात बाजूनं ओढलं तर २५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानानं अडीच टन सहन व्हायला हवेत. हा आकडाही चांगल्या काँक्रीटमधल्या चाचणीचा आहे. तुमच्या मांजऱ्या खडकातला नव्हे.

मी स्वतः तरुणपणी हेच केलं आहे. भिंतीचं नाव सांगत नाही, कुणी जाऊन तिथेच लटकायचा. बोल्ट घट्ट केला, पाना फिरत राहिला, मला वाटलं अजून कसला जातोय. मग दोन बोटांनी ओढला तर भुग्यासकट बाहेर. वर आणखी तीन तसेच होते, आणि त्यांच्यावर आमचा दोर होता. खाली उतरेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

हातोडीनं ठोकून आवाज ऐका, हे जे तुम्ही ऐकलं असेल, ते अर्धं खरं. भद्द आवाज आला तर नक्की सोडा. खणखणीत आला म्हणून लगेच विश्वास टाकू नका, कारण मोठा सुटा दगडसुद्धा खणखणतो. आणि पावसानंतर दोन-तीन दिवस तर ठोकायलाही जाऊ नका. मातकट गारा पाणी प्यायला की त्याची ताकद उतरते. बाहेरून वाळलेला दिसतो तरी आतून ओलाच असतो.

बोल्ट मारायचेच असतील तर ज्यानं वर्षानुवर्षं सह्याद्रीत बोल्टिंग केलं आहे अशा माणसाच्या हाताखाली एक हंगाम फक्त जुने बोल्ट काढायचं काम करा. भोकातून काय काय निघतं ते पाहा. तोवर परवानगी असलेल्या ठिकाणी, वर भक्कम झाडाला किंवा मोठ्या कातळाला एकाहून जास्त अँकर, म्हणजे दोराचे आधार, बांधून टॉप-रोपवर, म्हणजे दोर आधीच वरून सोडलेला असताना, चढा, तेही कुणी अनुभवी बांधून देत असेल तर.

ऑनलाइन ‘इंपोर्टेड क्लाइंबिंग रोप, २२ किलोन्यूटन’ निम्म्या किमतीत मिळतोय. घेऊ का? (नांदेड)

२२ किलोन्यूटन वाचूनच मी तो घेणार नाही. तो आकडा दोर हळूहळू ओढून तोडल्याचा आहे. लीड चढाईत, म्हणजे दोर खालून सोबत नेत चढताना, तुम्ही पडता तेव्हा दोर ताणून झटका गिळला पाहिजे. न ताणणारा दोर तो झटका तुमच्या कमरेवर आणि बोल्टवर टाकतो. लीडसाठी ‘ईएन ८९२’चा डायनॅमिक दोर लागतो. त्याच्या चाचणीत ८० किलो वजन टाकून किमान पाच पडी सोसाव्या लागतात आणि पहिल्या पडीचा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. एकेरी वापराच्या दोराच्या टोकाला वर्तुळात ‘१’ असतो. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, कमी ताणणारा दोर वेगळा, त्याचं मानक ‘ईएन १८९१’. विक्रेते दोन्हीला ‘क्लाइंबिंग रोप’ म्हणतात, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. माहितीपत्रक आणि उत्पादनाचं वर्ष मागा. दिलं नाही तर विषय संपला. वापरलेला दोर तर कुणाचाच घेऊ नका, कितीही जवळचा मित्र असो. आणि काहीही घेण्याआधी तुमच्या प्रशिक्षकाला दाखवा.

आमचा मुलगा युटात एमएस करतो. सुट्टीत मित्रांबरोबर मेपल कॅन्यनला चढायला जातो म्हणतो. त्याची आई घाबरली आहे. जागा कशी आहे? (परभणी)

तुम्ही विचारलंत हे बरं केलं. मुलाला बंदी घालण्याआधी फार कमी वडील विचारतात.

जागा चांगली आहे. युटाच्या मध्यभागी सॅन पिच डोंगररांगेत, सॉल्ट लेक सिटीपासून गाडीनं साधारण दोन तासांवर, फाउंटन ग्रीन गावाजवळ. मेपलची झाडं शरदात लाल होतात, त्यावरून नाव. उंचीमुळे उन्हाळ्यातही सावलीत गारवा असतो. हिवाळ्यात तिथे बर्फावरची चढाई होते, ती पूर्णपणे निराळी विद्या. त्यात मात्र नवख्यानं पडू नये. भिंतींवर बोल्ट आहेत आणि सोप्यापासून फार अवघडपर्यंत मार्ग आहेत. याच जातीच्या खडकावर स्पेनमध्ये माँटसेराट, मार्गालेफ, रिग्लोस इथेही लोक चढतात, आणि ग्रीसमधले मेटिओराचे मठ तर अशाच सुळक्यांवर बांधले आहेत.

पण गोटे सुटतात. हजार जणांनी धरलेला गोटा हजार एकाव्याच्या हातात येतो. म्हणून त्याला चारच गोष्टी विचारा. भिंतीखाली उभा असतानाही डोक्यावर हेल्मेट असतं का? चढणारा वर असताना बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, थेट त्याच्या खाली उभा राहतो की बाजूला? दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारता का? (मार्ग दोरापेक्षा लांब निघाला, खाली सोडताना टोक बिलेच्या यंत्रातून सुटलं, असे अपघात अनुभवी लोकांचेही होतात.) आणि बिले कुणाकडून शिकलास? शेवटच्याला ‘व्हिडिओ पाहून’ असं उत्तर आलं तर आईची काळजी रास्त आहे. तिथल्या प्रशिक्षित गाइडबरोबर एक दिवस घालव म्हणावं. पैसे तुम्ही पाठवा.

मुलगी तेरा वर्षांची, भिंतीवरच्या चढाईत जिल्ह्यात पहिली येते. घरी दारावर फळी लावून बोटांनी लटकते. तीन महिने मधल्या बोटाचा सांधा दुखतो, बाम लावतो, उतार नाही. (लातूर)

तीन महिने! बाम बंद, फळी बंद, आणि या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ. मोठ्यांमध्ये असं दुखणं बहुधा स्नायूबंधाचं असतं. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते, ती बाकी हाडापेक्षा नाजूक. लटकून लटकून तिलाच बारीक तडा जाऊ शकतो. वेळेत विश्रांती मिळाली तर बरं होतं, नाही मिळाली तर बोट वाकडं वाढू शकतं. डॉक्टरांना ‘खेळताना लागलं’ एवढंच सांगू नका. रोज किती वेळ, किती वजनानं, कुठल्या पकडीनं लटकते ते सांगा. ते एक्स-रे काढतील. तिच्या प्रशिक्षकालाही सोबत न्या. वाढ पूर्ण होण्याआधी फळीवर लटकायला कुणी सांगितलं, ते मला जाणून घ्यायचंय.

कड्याला आग्या मोहोळ आहे. खालून धूर केला की जातं असं गावात सांगतात. (छत्रपती संभाजीनगर)

गावात सांगतात ते मध काढणारे, रात्री, पिढीजात अनुभवानं करतात. तुम्ही दिवसा धूर कराल, माश्या उठतील आणि तुमचा माणूस पन्नास फुटांवर दोराला बांधलेला असेल. त्याला पळताही येणार नाही.

अजिंठा, पितळखोरे या बाजूंच्या कड्यांना अशी मोहोळं लटकलेली दिसतात. दिसलं की ती भिंत त्या दिवसापुरती बंद. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, आरडाओरड नको, दगड तर मुळीच नको. माश्या उठल्याच तर बिले देणाऱ्यानं स्वतःला चावलं तरी दोर सोडायचा नाही, आधी वरच्याला खाली आणायचं. मग तोंड झाकून गाडी किंवा बंद खोली गाठायची. काटे नखानं लगेच खरवडून काढा. खूप डंख बसले, श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय, लिंबू-चुन्यात वेळ नको. ज्याला आधी एकदा मधमाशीची ॲलर्जी आली आहे त्यानं हंगामाआधी डॉक्टरांना भेटून ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनबद्दल विचारावं.

देवगिरीच्या तासलेल्या कड्यावर चढता येईल का? (दौलताबाद)

नाही, ते संरक्षित स्मारक आहे. त्याचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो, नाहीतर दोन्ही.

दोन दिवसांचं शिबिर केलं, ‘प्रमाणित प्रशिक्षक’ असं सर्टिफिकेट मिळालं. आता स्वतःची शिबिरं घेऊ का? (हिंगोली)

दोन दिवसांत तुम्हाला बाहेरचं जेवण आणि एक टी-शर्ट मिळाला. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेचा निव्वळ प्राथमिक अभ्यासक्रम जवळपास चार आठवडे चालतो, आणि तो करूनही माणूस प्रशिक्षक होत नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे, व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ज्यांनी तुम्हाला सर्टिफिकेट दिलं त्यांची नोंदणी आहे का, ते आधी विचारा. उत्तर काय येतं ते मलाही कळवा.

वय अठ्ठावन्न, रक्तदाबाची गोळी चालू, आयुष्यात झाडावरसुद्धा चढलो नाही. आता शिकता येईल? (अंबाजोगाई)

येईल. डॉक्टरांकडून लेखी होकार घ्या, बंदिस्त भिंतीवर टॉप-रोपनं सुरुवात करा, आणि गोळी चुकवू नका.